घरात शिरलेले भय

भुताची गोष्ट सांगणाऱ्या जुन्या माणसांचा एक अलिखित नियम असे. भूत आपल्या घरात कधीच नसायचे. ते ओढ्यापलीकडच्या वडावर, शिवेवरच्या पडक्या विहिरीपाशी, फार तर शेजारच्या गावी कुणा खोताच्या परसात. ऐकणाऱ्या मुलांनी गोधडीत पाय ओढून घ्यावेत इतके ते जवळ, आणि गोष्ट संपल्यावर झोप लागावी इतके ते लांब. हे अंतर मोठ्या हिशेबाने राखलेले असे. दूरचित्रवाणीचा संच घराघरांत आला आणि हा हिशेब चुकू लागला. वडावरचे भूत थेट दिवाणखान्यात उतरले, आणि तेथून एक नवाच इतिहास सुरू झाला. तो भुतांचा नव्हे, भिणाऱ्या माणसांचा.

हा इतिहास सहसा कुणी लिहून ठेवीत नाही. नाटक कुणी लिहिले, भूमिका कुणी केल्या, याच्या नोंदी राहतात. पहिल्या रात्री पाहणाऱ्यांनी काय केले, कोण दचकले, कोण चिडले, हे मात्र वाऱ्यावर जाते. तरीही दोन पहिल्या रात्री अशा आहेत की त्यांच्याविषयी बरेच सांगता येते. एक विलायतेतली, दुसरी आपल्या कोकणातली. दोहोंमध्ये बासष्ट वर्षांचे अंतर आहे.

विलायतेतली रात्र 18 जुलै 1953 ची. शनिवार होता. बी.बी.सी.ने त्या रात्री 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' या सहा भागांच्या मालिकेचा पहिला भाग दाखवला. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टियर. विज्ञान आणि भय यांची सांगड घालून मोठ्या माणसांसाठी रचलेली अशी मालिका त्यांच्याकडे तोवर झालेली नव्हती. क्वाटरमास हे नायकाचे विचित्र आडनाव लेखकाने म्हणे टेलिफोनच्या यादीतून उचलले. कथा अशी: तीन माणसांना घेऊन एक अग्निबाण अंतराळात जातो. परत येतो तेव्हा आत एकच माणूस जिवंत असतो, बाकीच्या दोघांचे नुसते पोशाख उरलेले असतात. वाचलेला तो माणूस हळूहळू माणूस राहत नाही, वनस्पतीसारखे काहीतरी होऊ लागतो.

सारा खेळ जिवंत चालत असे. नट कॅमेऱ्यासमोर बोलत आणि त्याच क्षणी ते घरोघर दिसे. पुढे जतन करावे म्हणून पहिले दोन भाग पडद्यावरून फिल्मवर उतरवून घेतले, तेवढेच आज उरले आहेत. त्यांतल्या दुसऱ्या भागात मौज अशी की, चित्रण चालू असताना एक किडा पडद्यावर येऊन बसला आणि बराच वेळ तेथेच राहिला. परग्रहावरच्या प्राण्याच्या कथेत पृथ्वीवरच्या एका किड्याला मिळालेली ही अजरामर भूमिका! शेवटच्या भागातला अक्राळविक्राळ जीव म्हणजे तर खुद्द लेखकाचे दोन हात होते. हातमोज्यांना पालापाचोळा चिकटवून, चर्चच्या एका मोठ्या छायाचित्रातून ते हात आरपार बाहेर काढले होते.

एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर सुमारे चौतीस लाख माणसांनी पहिला भाग पाहिला आणि शेवटच्या भागापर्यंत हा आकडा पन्नास लाखांच्या घरात गेला. यामागचे कारण मला त्या हातमोज्यांत सापडत नाही, त्या छायाचित्रात सापडते. ते छायाचित्र वेस्टमिन्स्टर ॲबेचे होते. याच ॲबेत त्याच वर्षी 2 जूनला राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला होता. तो सोहळा पाहता यावा म्हणून इंग्लंडात हजारो कुटुंबांनी पहिल्यांदा दूरचित्रवाणी संच घेतले, आणि ज्यांच्याकडे संच नव्हता ती माणसे शेजाऱ्याच्या घरी दाटीवाटीने बसली. त्याला तीन महिनेही झाले नव्हते. आता त्याच संचावर, त्याच पवित्र वास्तूच्या भिंतीवर, तो जीव चढलेला दिसला. कथेतही तो सर्वांत आधी दिसतो तो दूरचित्रवाणीच्याच लोकांना. ॲबेच्या वास्तुकलेवर कार्यक्रम चालू असतो आणि कॅमेरा वर जातो! नीलसाहेबांनी भूत वडावरून काढून देवघरात आणून बसवले, ते असे.

पुढे 1955 मध्ये या मालिकेचा दुसरा खेळ आला, तेव्हा हा कार्यक्रम मुलांसाठी आणि हळव्या मनाच्या माणसांसाठी नाही, अशी सूचना आधी सांगावी लागली. सूचना ऐकून किती जणांनी संच बंद केला असेल, हे ज्याने त्याने आपल्या घरावरून ओळखावे.

आपल्याकडे हे दिवस यायला बराच अवकाश होता. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 ला. तोवर मराठी माणसाचे भय छापील होते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी दोन पिढ्यांची झोप उडवली ती कागदावरच. धारपांना तर विज्ञानाचीही ओढ होती. त्यांनी विज्ञानकथा लिहिल्या आणि भयकथेतही तर्काचा धागा सोडला नाही. दिवाळीच्या सुटीत फराळाच्या डब्याशेजारी अंक उघडायचा, आणि गोष्ट फारच अंगावर आली की अंक पालथा ठेवून एक चकली उचलायची, ही सोय छापील भयात असते. मिटण्याचा अधिकार वाचकाच्या हातात असतो. चार माणसांच्या घरात संच बंद करायचा तर तिघांची संमती लागते.

आता दुसरी रात्र. 22 फेब्रुवारी 2016, सोमवार. झी मराठी वाहिनीवर रात्री साडेदहाला 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. नाव 1976 सालच्या 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटातल्या गाण्यावरून घेतलेले. ही मालिका काही अंतराळातली नव्हे. तीत अग्निबाण नाही आणि परग्रहवासी नाही. पण विज्ञान आणि भय यांची झुंज मात्र आहे, आणि तीही एकाच घरात. सिंधुदुर्गातल्या एका गावात अण्णा नाईक हा घरचा कर्ता पुरुष मरतो. मुले, सुना, नातवंडे मुंबईहून आणि इकडून तिकडून वाड्यात जमतात, आणि मग एकेक अघटित घडू लागते. शास्त्राची बाजू घेणारी एक सून प्रत्येक गोष्टीला कारण शोधते आणि बाकीचे देवाधर्माकडे धावतात. चित्रण सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या खऱ्या वाड्यात झाले. नोकर पांडू आणि घरची माणसे मालवणीत बोलत होती.

मी राहतो ते सिल्व्हर पार्क मीरा रोडला आहे. ज्यांनी पाहिले नसेल त्यांना एवढेच सांगतो की नावात चांदी असली तरी घरे तुमच्याआमच्यासारखीच आहेत: एक दिवाणखाना, एक झोपायची खोली, एक स्वयंपाकघर. येथे गुजराती आहेत, मारवाडी आहेत, मुसलमान आहेत, उत्तरेकडचे आहेत, आणि लालबाग-परळ सोडून आलेले कोकणी चाकरमानीही आहेत. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसत गेल्या आणि गिरणगावातली कितीतरी कुटुंबे अशी मीरा-भाईंदर, वसई-विरार, डोंबिवली या बाजूंना पांगली. गावचे घर तिकडे कुलपात, माणसे इकडे तिसऱ्या मजल्यावर. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे कुलूप निघायचे. अशा माणसांच्या दिवाणखान्यात त्या सोमवारी साडेदहाला कौलारू वाडा, तुळशीवृंदावन आणि मालवणी बोली अवतरली. दिवाणखान्यातच मुलांची अंथरुणे पडलेली असतात. रात्री उशिराची वेळ मुलांच्या सोयीसाठी निवडतात असे म्हणतात. या घरांतून मुलांना पाठवावयाचे कुठे, हे कुणी सांगत नाही.

पहिल्या काही भागांतच बोभाटा झाला. कोकणात निषेध झाले, मालिका बंद करा अशी मागणी झाली, कोकणची बदनामी चालली आहे असे लोक उघड बोलू लागले. अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, हाही आक्षेप होता. आमच्या इमारतीतही दोन तट पडले. सावंतवाडीकडच्या एका आजींचे म्हणणे मला अजून आठवते. त्या म्हणाल्या, "भुताक कोण भियता? पण लोक आता म्हणतले काय, ह्यांच्या घराघरात ह्याच चालता!" आणि लगेच पडद्याकडे बघून, "आणि अशी मालवणी खंय बोलतत रे?" आजींनी मालिका मात्र एकही दिवस चुकवली नाही.

आजींच्या पहिल्या वाक्यात साऱ्या तक्रारीचे मर्म आहे, असे मला वाटते. कोकणच्या माणसाला भुताच्या गोष्टीचे वावडे नाही. उलट त्याच्याइतका रंगवून सांगणारा दुसरा नाही. देवचार, राखणदार ही त्याच्या लेखी परकी मंडळी नव्हेत. आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात. ज्याच्या वहाणांची काळजी घ्यायची त्याला भ्यायचे कसे? हे सारे घरातल्या घरात, आपल्या माणसांत बोलावयाचे. तेच राज्यभरच्या पडद्यावर भयाची सामग्री होऊन आले, तेव्हा ते घरचे राहिले नाही. त्या महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मालवणच्या मुलाला बाकीची मुले मधल्या सुटीत विचारू लागली, "तुझ्या गावच्या घरात कोण आहे रे?" दोन दिवस तो हसला, तिसऱ्या दिवशी हसला नाही.

यात भाषेचाही भाग होता. मालवणी बोली महाराष्ट्राने रंगमंचावर ऐकली ती बहुधा हसण्यासाठी. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' 1980 साली आले. आरंभी त्याला गर्दी नव्हती. पु. ल. देशपांडे यांनी ते पाहून मनापासून वाखाणले आणि नाटकाचे दैव फिरले. मच्छिंद्र कांबळी यांनी त्याचे पाच हजारांवर प्रयोग केले. तेथेही गावकऱ्यांची फजितीच होती, पण ती करणारा त्यांच्यातलाच होता आणि हसणारेही आधी तेच होते. स्वतःवर हसण्यात एक मालकी असते. मालिकेच्या पहिल्या भागांत ती मालकी आपल्या हातून गेली, असे या लोकांना वाटले असावे. भिवविणारा कोण, भिणारा कोण आणि भूत कोण, याची वाटणी कुणीतरी परस्पर केली, आणि त्यांच्या वाट्याला भुताची बाजू आली.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र निराळा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले, तो त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळात संमत झाला. मालिका आली तेव्हा या घटनेला तीन वर्षेही झाली नव्हती. कायदा मुख्यतः नरबळी, जादूटोण्याच्या नावावरचा छळ आणि फसवणूक यांवर आहे. परंतु अशा गोष्टींच्या प्रचारालाही त्यात मनाई आहे. मग कथा हा प्रचार होतो का? मला विचाराल तर, कथेत भूत दिसले म्हणून तो प्रचार होत नाही. नाहीतर धारपांची सारी पुस्तके कपाटात कुलूपबंद करावी लागतील. पण एखाद्या गावात एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवून 'हिनेच करणी केली' असे म्हणणारे लोक अजून आहेत, आणि रोज रात्री साडेदहाला त्यांच्या समजुतीला दुजोरा मिळत असेल तर तक्रार करणाऱ्यांना नुसते हळवे म्हणून चालत नाही. शास्त्र मानणारी सून कथेत ठेवली खरी. पण भाग संपताना पार्श्वसंगीत नेहमी भुताच्याच बाजूने वाजते, ही अडचण कुठल्याही लेखकाला सुटलेली नाही.

बोभाट्याविषयी एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. 30 ऑक्टोबर 1938 ला अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी मंगळावरच्या स्वारीचे नभोनाट्य बातम्यांच्या थाटात सादर केले, आणि दुसऱ्या दिवशी सारा देश रस्त्यावर धावत सुटल्याची वर्णने छापून आली. पुढे अभ्यासकांनी तपासले तेव्हा दिसले की ते नाट्य ऐकणारेच थोडे होते, त्यांतले घाबरलेले आणखी थोडे, आणि नभोवाणीवर दात धरून असलेल्या वृत्तपत्रांनी चार घरांची घबराट देशभर पसरवली होती. 2016 च्या निषेधातही घोषणा देणारे मोजकेच आणि पाहणारे अगणित होते. चिडलेल्यांतले पुष्कळजण साडेदहाला पुन्हा संचासमोर असत, हे आमच्या जिन्यात उभे राहिले तरी ऐकू येई.

मालिका बंद झाली नाही. ऑक्टोबर 2016 पर्यंत ती चालली. जानेवारी 2019 मध्ये दुसरा खेळ आला तो मागची कथा सांगणारा, म्हणजे पहिल्याच भागात मेलेले अण्णा त्यात जिवंत. माधव अभ्यंकरांनी रंगवलेला हा दुष्ट माणूस आणि अपूर्वा नेमळेकरांची शेवंता यांनी लोकांना असे काही वेड लावले की 2016 चा राग कुणाला आठवेना. नकला झाल्या, विनोद झाले, आणि त्यांत कोकणी माणसे सर्वांच्या पुढे होती. मार्च 2021 मध्ये तिसराही खेळ आला. आमच्या आजी तेव्हा पांडूची वाक्ये त्याच्या आधी म्हणत, उच्चार सुधारून.

आकेरीला रामेश्वराचे जुने देऊळ आहे. तिकडे जाणारे पर्यटक आता नाईकांच्या वाड्याचीही चौकशी करतात. गाडी थांबते, माणसे उतरतात, फाटकाशी उभे राहून फोटो काढतात. मुले आत डोकावतात. मोठी माणसे त्यांना सांगतात, फार पुढे जाऊ नका, आत लोक राहतात.