विपश्यना विहाराबाहेर कशी आली

२९ नोव्हेंबर १८८५ रोजी ब्रिटिश फौजेने मंडालेच्या राजवाड्यातून थिबा राजाला बैलगाडीत बसवून इरावतीच्या धक्क्यावर नेले. ब्रह्मदेशाचे राजघराणे त्या दिवशी संपले. पुढच्या वर्षी राजा रत्नागिरीत आला, पुढे १९१० साली पूर्ण झालेल्या राजवाड्यात राहिला आणि १९१६ साली तिथेच वारला. रत्नागिरीकरांना ही कथा पाठ आहे. त्याच पराभवाचा दुसरा धागा मात्र ब्रह्मदेशातून फिरत फिरत नव्वद वर्षांनी इगतपुरीच्या डोंगरापाशी पोहोचला, हे फारसे सांगितले जात नाही.

ब्रह्मदेशात राजा हा बुद्धशासनाचा रक्षणकर्ता मानला जाई. थिबाचे वडील मिंडोन यांनी संपूर्ण त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले होते आणि १८७१ साली मंडालेत पाचवी संगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मपरिषद, भरवली होती. राजाच गेल्यावर धर्म कोण सांभाळणार? ही भीती खेड्यापाड्यांत पसरली. या भीतीला सर्वांत सर्जनशील उत्तर दिले ते लेडी सयाडो या भिक्खूंनी.

१८४६ साली जन्मलेल्या या विद्वानाचे नाव पाचव्या संगीतीच्या वेळीच गाजले होते. मंडाले पडल्यानंतरच्या काळात त्यांनी मोन्यवाजवळच्या लेडी नावाच्या रानात मुक्काम केला आणि त्या रानाचेच नाव त्यांना चिकटले. धर्म राजाच्या आधाराने टिकणार नसेल, तर तो प्रत्येक घरात टिकला पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. ते गावोगाव फिरले, पालीऐवजी साध्या बर्मी भाषेत पुस्तिका लिहू लागले. अभिधम्मासारखा अवघड विषय त्यांनी पाठ करता येईल अशा पद्यात बांधला आणि शेतकरी, व्यापारी, बायका यांची अभ्यासमंडळे सुरू केली. तोवर बहुतेक भिक्खूंचाही वेळ ग्रंथ, विनय म्हणजे संघाचे नियम आणि गावातल्या मुलांची शाळा यांत जाई. ध्यान म्हणजे अरण्यात राहणाऱ्या मोजक्यांचे काम. गृहस्थाने दान द्यावे, शील पाळावे आणि निर्वाणाची आस पुढच्या एखाद्या जन्मावर सोडावी, अशी सर्वसाधारण समजूत होती. लेडी सयाडोंनी सांगितले की संसारी माणसालाही याच जन्मात, रोजची कामे सांभाळून, मनाचे निरीक्षण, म्हणजेच विपश्यना, करता येते. आज जगभर ध्यानाची जी शिबिरे भरतात, त्यांतल्या बऱ्याचशांची मुळे या एका विचारात आहेत.

हा विचार खरा ठरला तो एका शेतकऱ्यामुळे. रंगूनसमोर नदीपलीकडच्या प्याउब्वेजी गावातला मौंग पो थेट हा पोरवयात बैलगाडीतून भात वाहायचा, पुढे भातगिरणीत नोकरीला लागला. पटकीच्या साथीत त्याची मुले गेली. तेव्हा तो तिशीत होता. दुःख, त्याचे कारण, त्याचा निरोध ही शिकवण त्याने ऐकलेली असणारच, पण आता तिची गरज त्याच्या स्वतःच्या ओसरीवर येऊन बसली होती. मृत्यूपलीकडचे काही आहे का, हे शोधायला तो घराबाहेर पडला आणि लेडी सयाडोंपाशी पोहोचला. काही वर्षांनी गावी परतला, शेतातच धम्मशाळा उभारून शिकवू लागला. चीवर न घेतलेल्या या माणसाला आचार्य म्हणून पुढे आणण्याचे धाडस लेडी सयाडोंनी केले. लोक त्याला सया तैजी म्हणू लागले.

जानेवारी १९३७ मध्ये त्याच गावी रंगूनच्या महालेखापाल कार्यालयातला एक कर्मचारी आला. त्याचे नाव ऊ बा खिन. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्या दिवशी हाच माणूस देशाचा पहिला महालेखापाल झाला. १९५० साली त्यांनी कार्यालयातच कर्मचाऱ्यांसाठी विपश्यना मंडळ काढले आणि १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र. दिवसभर देशाचा जमाखर्च तपासायचा, एकाच वेळी अनेक खात्यांचा भार वाहायचा आणि संध्याकाळी साधकांना शिकवायचे, हा त्यांचा क्रम. नोकरदाराला महिनोन्महिने रजा मिळत नाही, म्हणून दहा दिवसांत बसेल असा अभ्यासक्रम त्यांनी पक्का केला.

आरंभी श्वासावर लक्ष ठेवायचे. मन थोडे सूक्ष्म झाले की डोक्यापासून पायापर्यंत शरीरावरच्या संवेदना पाहायच्या: खाज, ऊब, ठणका, मुंग्या. सुखद असेल तर हवीशी वाटते, दुःखद असेल तर नकोशी. बुद्धाने तृष्णेचा उगम इथेच दाखवला आहे. संवेदना आणि तृष्णा यांच्या मधल्या त्या क्षणी, जे उपजले ते सरणार आहे हे पाहत, नुसते थांबायचे. मांडी घालून तासभर न हलता बसल्यावर गुडघा पेटतो, तेव्हा या शिकवणीची खरी परीक्षा होते. आणि घरी कुणी टाकून बोलले की तीच परीक्षा पुन्हा.

१९५५ साली ऊ बा खिन यांच्याकडे मंडालेत जन्मलेला एक मारवाडी कापड व्यापारी आला. सत्यनारायण गोएंका यांना अर्धशिशीने इतके ग्रासले होते की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत, परदेशातले डॉक्टरही करून झाले होते. डोकेदुखी घालवायला आलो, हे ऐकताच ऊ बा खिन यांनी त्यांना नकार दिला. ही विद्या औषध म्हणून वापरून तिचे मोल कमी करायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तो हेतू सोडल्यावर मात्र गोएंका त्यांचे शिष्य झाले. आज ताणतणावावरचा उतारा म्हणून ध्यान विकणाऱ्यांनी हा नकार जरूर आठवावा.

१९६२ च्या लष्करी उठावानंतर ब्रह्मदेशातले उद्योग सरकारजमा झाले, गोएंकांचेही गेले. जून १९६९ मध्ये ते भारतात आले आणि जुलैच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर भरले. त्यात होते चौदा जण, आईवडिलांसह. १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत शिबिरे भरू लागली. शिकवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, जुन्या साधकांच्या दानावरच चालवायचे, हा नियम तेव्हापासून टिकला आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेचीही सोय केली.

पण महाराष्ट्रात बुद्ध गोएंकांच्या आधीच परतला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंसह धम्म स्वीकारला. चार आर्यसत्ये हा बुद्धाच्या मूळ शिकवणीचा भाग आहे का, असा प्रश्न त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेत विचारला. जातीने लादलेले दुःख सोसणाऱ्याच्या तृष्णेतून आलेले नाही, ही जाणीव त्या प्रश्नामागे असावी. पाणवठा बंद असलेल्या माणसाला श्वास पाहायला सांगून भागत नाही. विपश्यनेच्या इतिहासात हा प्रश्न बाजूला सारला जातो, ते योग्य नाही. बाबासाहेबांनी बंदिस्त समाजाकडे पाहिले, ऊ बा खिन यांनी बंदिस्त मनाकडे, आणि दोघांनीही निर्वाण पुढच्या जन्मावर ढकलायला नकार दिला.

या विद्येचा सर्वांत कठीण कस लागला तो तुरुंगात. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात पहिले शिबिर झाले. बेड्या घातलेल्या माणसांना धम्म शिकवणार नाही, असा गोएंकांचा आग्रह होता, आणि बेड्या काढल्या गेल्या. पुढे किरण बेदी तिहारच्या प्रमुख असताना तिथे कैद्यांबरोबर तुरुंगाचे कर्मचारीही शिबिराला बसले. एप्रिल १९९४ मध्ये तिहारमध्ये हजारांहून अधिक कैद्यांनी एकाच वेळी दहा दिवस मौन पाळले, आणि त्यानंतर तिथे कायमचे केंद्र सुरू झाले.