गोफण, बंदूक आणि कॅमेरा

उडत्या पांखरावर मनुष्यानें आजवर तीन साधनें रोखलीं: गोफण, बंदूक आणि कॅमेरा. तिन्हींचे हेतु निराळे असले तरी तिन्हींपुढील अडचण एकच. पांखरूं जेथें दिसतें तेथें तें पुढच्या क्षणीं नसतें. ही अडचण कसकशी सुटत गेली, आणि ती सुटल्यावर आपल्यावर कोणती जबाबदारी येऊन पडली, याचा थोडा विचार येथें करावा असें आम्हांस वाटतें.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत बोरी नांवाचें गांव आहे. मुलूख काळ्या जमिनीचा. हिवाळ्यांत ज्वारीच्या कणसांत दाणा भरूं लागला, कीं मराठवाड्यांतील अशा शिवारांवर भोरड्यांचे थवेच्या थवे उतरतात. गुलाबी अंगाचे व काळ्या डोक्याचे हे पाहुणे मध्य आशियाच्या बाजूनें येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत जातात. माळ्यावर उभा राहून राखण करणारा माणूस गोफण फिरवितो. ज्याचा हात बसलेला आहे तो थव्यावर नेम धरीत नाहीं. थवा जेथें पोंचणार त्या रिकाम्या जागेवर धरतो. उडत्या पांखराचा फोटो घेण्याचें पहिलें सूत्र हेंच आहे. मग कॅमेऱ्यास तें साधावयास इतका काळ कां लागावा?

याचें उत्तर साध्या हिशेबांत आहे. पारवा सेकंदास सुमारें १५ मीटर जातो असें धरूं. कॅमेऱ्याचें झांकण सेकंदाचा शंभरावा भाग उघडें राहिलें, तर तेवढ्यांत पारवा १५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगाच्या जवळजवळ निम्म्या लांबीइतका, पुढें सरकतो. चित्रांत पांखराऐवजीं एक पुसट पट्टा उमटतो. हजारावा भाग घेतला तर हें सरकणें दीड सेंटिमीटरवर येतें, आणि तेव्हां कोठें पिसें पिसांसारखीं दिसूं लागतात.

फोटोग्राफीची कला स. १८३९ मध्यें फ्रान्सांत जाहीर झाली. मुंबईस फोटोग्राफिक सोसायटी स. १८५४ मध्यें निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या सभासदांपैकीं होते. तेव्हां ही विद्या आपल्याकडे उशिरां आली असें म्हणतां यावयाचें नाहीं. परंतु स. १८५१ पासून प्रचारांत आलेली ओल्या कांचेची पद्धत मोठी किचकट होती. कांचेला रसायन लावावयाचें, तें ओलें आहे तोंच चित्र घ्यावयाचें व लगेच अंधारांत नेऊन तें धुवावयाचें. आणि चित्र उमटावयास बहुधा कांहीं सेकंद लागत. देवळें स्थिर राहत, सरदार-दरकदार श्वास रोखून बसत; पांखरूं कोणासाठीं थांबणार? स. १८७१ मध्यें मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानें कोरड्या कांचेची युक्ति सुचविली. पुढील दहा वर्षांत तिच्यांत सुधारणा होत गेल्या आणि सेकंदाचे बारीक तुकडे करणें शक्य झालें.

स. १८७८ मध्यें मायब्रिज यानें अमेरिकेंत रांगेनें कॅमेरे मांडून धांवत्या घोड्याच्या पावलांचीं चित्रें घेतलीं. घोड्यास मार्ग आंखून देतां येतो. पक्ष्यास येत नाहीं. म्हणून मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें स. १८८२ मध्यें निराळेंच यंत्र बनविलें. त्यास बंदुकीसारखा दस्ता होता, लांब नळी होती, नळींत भिंग होतें. आणि घोडा ओढतांच एक वाटोळी कांच थांबत थांबत फिरून सेकंदांत १२ चित्रें उमटत. प्रत्येक चित्राचा वेळ सेकंदाचा सातशेंविसावा भाग. नेपल्सच्या समुद्रकांठीं मारे यानें ही बंदूक उडत्या पक्ष्यांवर रोखली. तिच्यांतून गोळी सुटत नव्हती आणि पक्षी पडत नव्हता; तरी जगांतील कोणत्याहि शिकाऱ्यास मिळाली नव्हती अशी शिकार त्यास मिळाली. पक्षी नावाड्याप्रमाणें हवा नुसती मागें लोटीत असेल असें आपल्या मनांत सहज येतें. पंख खालीं येतांना पुढेंहि जातो, हें या चित्रांत डोळ्यांनीं पाहावयास मिळालें.

स. १८८४ मध्यें जर्मनींत आन्शुट्झ यानें करकोच्यांचीं सुरेख चित्रें घेतलीं. त्याच देशांतील लिलिएन्थाल यानें करकोच्यांचें उड्डाण अभ्यासून स. १८८९ मध्यें ग्रंथ लिहिला, पुढें स्वतः पंख बांधून टेकडीवरून झेपा घेतल्या, आणि स. १८९६ मध्यें अशाच एका झेपेंत तो प्राणांस मुकला. त्याच्या झेपांचे फोटो घेणाऱ्यांत आन्शुट्झहि होता. उडत्या पांखराचें चित्र हें आरंभीं करमणुकीचें साधन नव्हतें. मनुष्याच्या उडण्याच्या ध्यासाचें तें एक अंग होतें.

आमच्या मुलुखाचा इतिहास थोडा वेगळा आहे. परभणी स. १९४८ पर्यंत निजामच्या राज्यांत होती. त्या दरबारचे फोटोग्राफर राजा दीनदयाळ यांची कला थोर. पण त्यांच्या शिकारीच्या प्रसिद्ध चित्रांत वाघ दिसतो तो व्हाइसरॉयच्या पायांशीं, मेलेला. पुढें स. १९३१-३२ मध्यें सलीम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली, आणि तिचे वृत्तान्त मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत आले. त्या काळीं अशा पाहणीस नमुने लागत, आणि नमुन्यास बंदूक लागे. त्या विद्वानांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. आज आपण पक्षी न मारतां ओळखतों, तें त्यांनीं घातलेल्या पायावर उभे राहून. तथापि ज्या ज्ञानासाठीं पूर्वीं जीव घ्यावा लागे, त्याचा मोठा भाग आतां एका स्वच्छ चित्रांत सांपडतो, हा कांहीं लहान फरक नव्हे.

आतां यंत्रें फार पुढें गेलीं आहेत. स. १९८५ पासून स्वतःच रोख साधणारे कॅमेरे बाजारांत रुळले, आणि सेकंदाचा दोनहजारावा भाग ही हौशी माणसाचीहि नित्याची गोष्ट झाली. तरी जुनें शहाणपण जुनें झालेलें नाहीं. पक्षी वाऱ्यास तोंड देऊन उडतो व उतरतो. म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही पाठीशीं घ्यावेत. सकाळीं पूर्वेचा वारा असला तर दोन्ही एकदम साधतात. वेडा राघू माशी पकडून बहुधा त्याच काडीवर परत येतो; ज्यास हें ठाऊक आहे त्यानें काडीवर रोख धरून वाट पाहावी. पांखराबरोबर कॅमेरा संथपणें फिरवावा आणि बटण दाबल्यावरहि फिरवीत राहावा. डोळा रेखीव आला पाहिजे. पंखाचें टोंक किंचित् पुसट राहिलें तरी बिघडत नाहीं, कारण गति हीहि सत्यच आहे. चित्रांत पांखराच्या पुढें मोकळी जागा ठेवावी. गोफणवाला ज्या रिकाम्या जागेवर नेम धरतो तीच ही जागा. ती नसली तर पांखरूं चौकटीवर आदळल्यासारखें दिसतें.

एक गोष्ट मात्र यंत्र शिकवीत नाहीं. थवा उडत नाहीं म्हणून खडा मारून तो उडविणारे हौशी लोक आढळतात, आणि घरट्यापाशीं ठाण मांडून बसणारेहि आढळतात. स. १९७२ च्या कायद्यानें वन्य जीवांस संरक्षण दिलें आहे; पण प्रत्येक पाणवठ्यावर कायदा उभा राहूं शकत नाहीं. बोरीच्या शिवारांतील राखण्या गोफण फिरवितो, तेव्हां त्याच्या मागें वर्षभराचें धान्य असतें. त्याचा खडा आम्हांस समजतो. चित्रासाठीं खडा उचलणाऱ्याच्या मागें काय असतें? दूरच्या प्रवासानें थकून आलेल्या पांखरास पुन्हा उडविणें म्हणजे त्यानें कष्टानें मिळविलेल्या बळांतून चोरी करणें होय. मारे याच्या बंदुकीनें पक्ष्याचें कांहीं न घेतां त्याचें उड्डाण घेतलें, हें या कलेचें कुलशील आहे. चित्र थोडें कमी रेखीव आलें तरी चालेल. थवा आपल्या इच्छेनें उडाला पाहिजे.