नुसत्या मायेने कूस बदलत नाही

अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या सेवेविषयी आपल्याकडे एक मत इतकं रुजलेलं आहे, की ते केवळ एक मत आहे हेही कुणाच्या ध्यानात येत नाही. सेवा मनातून यावी लागते, ती शिकवून येत नाही. ज्याला माया आहे त्याला सगळं जमतं आणि ज्याला जमत नाही त्याची माया कमी पडली, असं ते मत. कीर्तनात, दिवाळी अंकांतल्या आठवणींत आणि तेराव्याच्या पंगतीत ते सारख्याच ठामपणे ऐकू येतं. माझ्या मते ते चुकीचं आहे, आणि त्याची झळ सर्वांत आधी आजारी माणसालाच बसते.

पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. पोटच्या लेकीच्या स्पर्शात आणि पगारी माणसाच्या स्पर्शात फरक असतो आणि आजाऱ्याला तो कळतो. स्वतःच्या खोलीत, स्वयंपाकघरातल्या ओळखीच्या आवाजांत पडलेलं माणूस अतिदक्षता विभागातल्या माणसापेक्षा कमी बावरतं. आपल्या आज्या-पणज्यांनी कुठलाही कोर्स केला नव्हता, तरी सासू-सासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं. आणि श्रावणबाळ तर आहेच.

पहिल्या दोन गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. तिसरी मात्र तपासून घ्यावी लागेल. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयांचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ७०च्या घरात आहे. जुन्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण मोठी माणसंही तेव्हा पटकी, प्लेग, विषमज्वर, न्यूमोनिया यांनी काही दिवसांत किंवा आठवड्यांत जात. पक्षाघातानंतर पाच-पाच वर्षं अंथरुणात, स्मृतिभ्रंशात त्याहूनही जास्त, किंवा हाडांत पसरलेल्या कर्करोगासह वर्ष-दीड वर्ष, ही दुखणी घरोघर नव्हती. आजीने केलं ते थोरच. पण जे तिला करावंच लागलं नाही, त्याचा दाखला तिच्या नावाने देऊ नये. शिवाय तिच्या जोडीला जावा होत्या, नणंदा होत्या आणि त्यांपैकी कुणालाही ‘तुला जमेल का’ असं विचारण्याची पद्धत नव्हती.

राहिला श्रावणबाळ. कावड एकाच खांद्यावर होती. तो पाण्याला गेला, दशरथाचा बाण लागला आणि मागे आंधळ्या आईबापांना सांभाळायला दुसरं माणूस उरलं नाही. त्यांनीही प्राण सोडले. भक्तीचा आदर्श म्हणून आपण ही कथा सांगतो. सगळा भार एकट्या माणसावर टाकला की काय होतं, याचीही कथा तीच आहे.

परंपरेचंच प्रमाण हवं असेल तर ते चरकसंहितेत शोधावं. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच: उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच. उपचारांची जाण पहिली, हाताचं कसब दुसरं, माया तिसरी, स्वच्छता चौथी. छंदाच्या सोयीने क्रम असा लागला असेल, असं कुणी म्हणेल. असेल बुवा. पण क्रम कसाही लावला तरी माया चारांतली एकच राहते. बाकीचे तीन गुण शिकूनच येतात. आपण त्या तिघांना वगळून एकीलाच पूजेला बसवलं आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं उदाहरण सेवाभावाचा परमोच्च बिंदू म्हणून दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. हल्ल्यात जबर इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून, म्हणजे नोव्हेंबर १९७३ पासून मे २०१५ पर्यंत, तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. बिछान्यावर इतकी वर्षं काढूनही बेडसोअर झाला नाही, याचं तेव्हा सगळीकडे कौतुक झालं. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पण ती सेवा केली कोणी? प्रशिक्षित परिचारिकांनी, पाळ्या लावून, पिढ्यामागून पिढ्या. माया त्यांच्याकडे होतीच. तिच्यामागे शिकलेले हात होते आणि पाळी संपल्यावर घरी जायची मुभा होती. आपल्या घरातल्या सुनेला यांतलं काय मिळतं?

आता प्रत्यक्ष अंथरुणापाशी येऊ. माकडहाडावर, खुब्यावर किंवा टाचेवर कातडी लाल दिसू लागते. बोटाने दाबून सोडली तरी लाली जात नाही. घरातलं मायेचं माणूस पहिली गोष्ट काय करतं? तेल घेतं आणि ती जागा हलक्या हाताने चोळतं. ही लाली म्हणजे दाबामुळे रक्तपुरवठा तुटून आतला भाग मरू लागल्याची खूण असते; चोळल्याने तो लवकर फाटतो. बुडाखाली रबरी रिंग ठेवतात, तिनेही कडेचा दाब वाढतो. करायचं असतं ते साधं: दर दोन तासांच्या सुमारास कूस बदलायची, पोटरीखाली उशी देऊन टाच गादीपासून अधांतरी ठेवायची, आणि माणसाला ओढत वर सरकवायचं नाही. कमरेखाली आडव्या घातलेल्या चादरीची टोकं दोघांनी दोन बाजूंनी धरून त्याला उचलून सरकवायचं. ओढताना कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे जातं. हे कुणी दाखवल्याशिवाय कळत नाही. एकटी, साठीची, स्वतःचे गुडघे दुखणारी बायको पंच्याहत्तर किलोच्या नवऱ्याची कूस रात्रीतून चार वेळा बदलू शकत नाही. तिथे मायेची परीक्षा घेणं क्रूरपणा आहे.

अन्नाचं तर विचारूच नका. ‘दोन घास तरी खा’ हे आपल्याकडे प्रेमाचं शेवटचं माप. आडव्या पडलेल्या, गिळायला अडखळणाऱ्या माणसाच्या तोंडात भरवलेला पेजेचा चमचा श्वासनलिकेत उतरतो, ठसका लागतो, चार दिवसांनी ताप येतो आणि न्यूमोनियाचं निदान होतं. उठवून बसवावं, हनुवटी किंचित खाली घ्यावी, चमचा अर्धाच भरावा, आधीचा घास गिळला याची खात्री करावी आणि नको म्हणाल्यावर थांबावं. अखेरच्या दिवसांत शरीरच अन्न मागत नाही. तेव्हा ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहणं हाच खरा आराम असतो. पण ‘उपाशी ठेवलं’ हा बोल लागेल म्हणून नळी घातली जाते, सलाईन लावलं जातं, आणि नको असलेलं पाणी फुप्फुसांत घरघरतं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते वेदनेच्या बाबतीत. ‘मॉर्फीन सुरू केलं म्हणजे संपलंच’ आणि ‘सवय लागेल’ ही दोन वाक्यं मायेपोटीच उच्चारली जातात. हाडांत कर्करोग पसरलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला व्यसन लागेल ही चिंता त्याच्या कण्हण्याच्या आवाजात कशी सुचते, मला कोडंच आहे. योग्य मात्रेत, वेळेवर दिलेली मॉर्फीनची गोळी माणसाला संपवत नाही. त्याला झोप देते, बोलू देते. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून सोबत रेचक द्यायचं असतं, एवढं पथ्य. खरी अडचण वेगळीच आहे. मध्य प्रदेशात, राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंगल उभं केलं, की रुग्णालयांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. २०१७ च्या लॅन्सेट आयोगाच्या हिशोबाने भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशमन उपलब्ध होतं. २०१४ मध्ये कायदा सुटसुटीत झाला, पण हात आखडलेलेच राहिले. मुलाच्या अंतःकरणात कितीही कणव असली तरी ती गोळी औषधाच्या दुकानातून आणून देऊ शकत नाही.

उलट टोकाचं मतही प्रचलित आहे: जोरकस उपचार थांबवून घरी नेलं म्हणजे हात टेकले. त्याचं खंडन थोडक्यात होतं. बॉस्टनमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची, जोड मिळाली, त्यांनी शेवटी शेवटी जोरकस उपचार कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले.

‘हे सगळं शास्त्र आणलंत तर घराचं हॉस्पिटल होईल, माया आटेल’ असा आक्षेप येतो. याचं उत्तर केरळने दिलं आहे. १९९३ मध्ये कोळिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं छोटं केंद्र काढलं. काही वर्षांतच मलप्पुरम आणि आसपास शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी, गृहिणी आधी शिकले आणि मग गावातल्या आजाऱ्यांच्या घरी जाऊ लागले, सोबत परिचारिका आणि मॉर्फीन. २००८ मध्ये राज्याने याचं धोरण केलं आणि ग्रामपंचायती त्यात ओढल्या. तिथे माया आटली नाही. ती एका घराच्या उंबऱ्याबाहेर पडली, एवढंच.

महाराष्ट्राला हे परकं नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांचं शुश्रूषागृह, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये वांद्र्यातच सुरू झालं. तरी आपल्याकडे शहरांत ब्युरोची बाई, तीही बहुधा काहीच न शिकवता पाठवलेली, आणि गावांत नशीब, इथवरच मजल आहे. परदेशातला मुलगा पैसे पाठवतो, इथली बहीण रात्री जागते आणि नातेवाईक दोघांच्या मायेची तुलना करतात.

म्हणून वाचकाला एकच विनंती. तुमच्या माणसाला डिस्चार्ज मिळेल त्या दिवशी बिलाच्या खिडकीकडे जाण्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना गाठा. कूस बदलणं, भरवणं आणि तोंड पुसणं त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून बघा. चुकलं तर पुन्हा करा. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, दुखलं तर मॉर्फीन कुठे मिळेल आणि रात्री फोन कुणाला करायचा. आणि शेजारच्या घरी कुणी असं पडून असेल, तर ‘केवढी सेवा करता हो’ असं म्हणून परत फिरू नका. चादरीचं दुसरं टोक धरा.