वृद्धांचे एकाकीपण व सामुदायिक उपक्रम : ब्रिटनमधील इतिहास

वार्धक्यात माणसाचा इतरांशी येणारा संबंध कमी होणे, यास सामाजिक विलगता म्हणतात. हवा तसा सहवास लाभत नाही ही मनाला बोचणारी जाणीव म्हणजे एकाकीपण होय. या दोन्ही अवस्था पुष्कळदा एकत्र आढळतात. तथापि त्या एकच नव्हेत. एकटा राहणारा वृद्ध समाधानी असू शकतो, तर भरल्या घरातील वृद्ध एकाकी असू शकतो. ब्रिटनमध्ये विसाव्या शतकापासून या प्रश्नावर जे सामुदायिक प्रयत्न झाले, त्यांतून हा भेद क्रमाक्रमाने स्पष्ट होत गेला.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात वृद्धांचा प्रश्न हा मुख्यतः दारिद्र्याचा प्रश्न मानला जाई. निराधार वृद्धापुढे तुटपुंजे साहाय्य किंवा दरिद्रगृह एवढेच पर्याय असत. १९०८ च्या कायद्याने सत्तर वर्षांवरील गरजू वृद्धांना आठवड्यास कमाल पाच शिलिंग निवृत्तिवेतन मंजूर झाले आणि १ जानेवारी १९०९ पासून ते मिळू लागले. त्यामुळे पैशाची विवंचना काहीशी कमी झाली; सहवासाचा विचार मात्र या योजनेत नव्हता.

दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांमुळे कुटुंबे विखुरली आणि एकट्या वृद्धांची दुर्दशा लोकांच्या नजरेस आली. १९४० मध्ये एलिनॉर रॅथबोन यांच्या अध्यक्षतेखाली वृद्धकल्याणासाठी एक राष्ट्रीय समिती स्थापन झाली. विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस या संघटनेने १९४३ पासून वृद्धांना घरपोच गरम जेवण देण्यास आरंभ केला. जेवण पोहोचविणारी स्वयंसेविका ही अनेक वृद्धांच्या बाबतीत दिवसभरात भेटणारी एकमेव व्यक्ती असे. त्यामुळे अन्नाइतकेच या भेटीलाही मोल आले. याच दशकात चहापान, गप्पा, पत्ते व सहली यांसाठी वृद्धांची मंडळे गावोगावी निघाली. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने अशा स्वयंसेवी संस्थांना अनुदान देण्याची मुभा स्थानिक शासनसंस्थांना दिली.

पाहण्या व निष्कर्ष : वैद्य जे. एच्. शेल्डन यांनी वुल्व्हरहॅम्प्टन येथील वृद्धांची घरोघर जाऊन पाहणी केली व तिचा वृत्तांत १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउन्सेंड यांनी पूर्व लंडनमधील बेथ्नल ग्रीन या कामगारवस्तीतील २०३ वृद्धांच्या मुलाखती घेतल्या. त्यांवर आधारलेल्या १९५७ च्या ग्रंथात त्यांनी विलगता व एकाकीपण यांतील फरक मांडला. भेटीगाठींच्या संख्येपेक्षा जिवाभावाचे माणूस गमावणे, विशेषतः जोडीदाराचा मृत्यू, हे एकाकीपणाचे अधिक मोठे कारण असल्याचे त्यांना आढळले. केवळ माणसे एकत्र आणल्याने एकाकीपण दूर होईल, ही समजूत त्यामुळे डळमळली.

परस्परसाहाय्याकडे वाटचाल : १९६५ मध्ये सुरू झालेल्या एका उपक्रमात स्वयंसेवक महिन्यातून एका रविवारी एकट्या वृद्धांना आपल्या मोटारीने कोणाच्या तरी घरी चहापानास नेऊ लागले. घराबाहेर पडण्याची अडचण ओळखून ही योजना आखलेली होती. १९७३ मध्ये फ्रान्समधील तूलूझ येथे उदयास आलेली ‘तृतीय वयोगटाचे विद्यापीठ’ ही कल्पना पीटर लॅझ्लेट, मायकेल यंग व एरिक मिडविंटर यांनी १९८१–८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणली. तेथे तिला निराळे वळण मिळाले : सदस्यच शिकवितात आणि सदस्यच शिकतात, परीक्षा वा पदवी नसते. ऑस्ट्रेलियात १९९० नंतर पुरुषांच्या सामुदायिक कार्यशाळा निघाल्या व पुढे त्या ब्रिटनमध्येही रुजल्या. चहापानाच्या मंडळांकडे न फिरकणारे निवृत्त पुरुष तेथे सुतारकाम व दुरुस्ती करता करता बोलते झाले. साहाय्य घेणारा वृद्ध अशा रीतीने देणाराही ठरला.

मूल्यमापन : मिमा कॅटन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ३० अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. विशिष्ट गटासाठी योजलेले शैक्षणिक व सामाजिक गटकार्य परिणामकारक ठरते, असे त्यातून दिसले. घरी जाऊन दिलेल्या भेटींच्या परिणामकारकतेविषयी मात्र निश्चित निष्कर्ष निघाला नाही. संसदसदस्या जो कॉक्स यांच्या २०१६ मधील हत्येनंतर त्यांच्या नावाने चालविलेल्या आयोगाचा अहवाल २०१७ मध्ये आला आणि जानेवारी २०१८ मध्ये शासनाने या विषयाची जबाबदारी एका मंत्र्यांकडे सोपविली. डॉक्टरांनी रुग्णास औषधाऐवजी वा औषधाबरोबर स्थानिक उपक्रमांशी जोडून देण्याची पद्धतीही शासकीय धोरणाचा भाग झाली.

भारताशी संबंध : ब्रिटनमधील ‘हेल्प द एज्ड’ या संस्थेच्या प्रेरणेने १९७८ मध्ये ‘हेल्पएज इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. महाराष्ट्रातील ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे सदस्यांनीच चालविण्याच्या तत्त्वाशी जवळीक दाखवितात.

सर्व उपक्रमांपुढील एक अडचण मात्र कायम आहे. जे चालू शकतात, ऐकू शकतात व ज्यांना बोलावणारे कोणी आहे, तेच बहुधा मंडळात येतात; अंथरुणास खिळलेले, बहिरेपणामुळे संकोचणारे व नुकतेच वैधव्य वा विधुरावस्था आलेले वृद्ध बाहेरच राहतात. म्हणून उपस्थितांच्या संख्येवरून अशा कार्याचे यश ठरविता येत नाही. न येणाऱ्यांपर्यंत ते किती पोहोचले, हीच त्याची खरी कसोटी होय.