‘डीएलएल फाइल सापडत नाही’ म्हणून सॉफ्टवेअर अडलंय? नेटवर फाइल शोधण्याआधी हे वाचा

दूध संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर बिघडला, तालुक्याला नेऊन फॉरमॅट मारून आणला. सॉफ्टवेअरचं जुनं फोल्डर पेन ड्राइव्हवर जपून ठेवलं होतं, ते जसंच्या तसं टाकलं. सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे, आणि पडद्यावर संदेश : ‘एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल’ सापडत नाही. मग फॅट, एसएनएफ सगळं वहीत. खताच्या दुकानात, झेरॉक्स सेंटरवर, पतसंस्थेतही असंच घडतं आणि दोष कॉम्प्युटरला किंवा फॉरमॅट मारणाऱ्याला दिला जातो. खरी अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते.

कुठलंही सॉफ्टवेअर एकटं चालत नाही. लग्नात आचारी येतो, पण पातेली-झारे मांडववाल्याचे असतात, तसंच हे. सॉफ्टवेअर बनवणारा काही कामं दुसऱ्याच्या तयार घटकांकडून करून घेतो. वरच्या संदेशातली फाइल मायक्रोसॉफ्टच्या ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल’ या पॅकेजमधली आहे. जुन्या व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या सॉफ्टवेअरना ‘ओसीएक्स’ फाइली लागतात. त्या नुसत्या असून भागत नाही, विंडोजकडे त्यांची नोंद व्हावी लागते. बिल छापायला अनेकदा ‘क्रिस्टल रिपोर्ट्स’चा रनटाइम लागतो. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडतं, एंट्रीही होते, फक्त प्रिंट दाबलं की अडतं.

सेटअप चालवला की हे घटक आपापल्या जागी बसतात आणि नोंदी होतात. फोल्डर कॉपी करून यातलं काहीच होत नाही.

आता सगळ्यात मोठी चूक. संदेशातलं नाव गुगलवर टाकलं की ती एकच फाइल फुकट देणाऱ्या साइट समोर येतात. तिथून फाइल घेऊ नये. ती कुणी टाकली, त्यात काय घुसवलंय, कळायला मार्ग नाही. ज्या कॉम्प्युटरवर सभासदांचे खाते नंबर आणि आधार आहेत, तिथे ही जोखीम परवडणारी नाही. शिवाय एक फाइल टाकली की दुसरी मागितली जाते. पूर्ण पॅकेज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच फुकट मिळतं, तेच घ्यावं.

इथे ३२ बिट आणि ६४ बिटचा घोळ होतो. विंडोज ६४ बिट असली तरी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असू शकतं, आणि त्याला ३२ बिटचेच घटक लागतात. म्हणून ६४ बिट विंडोजवर ‘एक्स८६’ आणि ‘एक्स६४’ अशी दोन्ही पॅकेजेस टाकावीत. २०१५, २०१७, २०१९ आणि २०२२ या आवृत्त्यांना मिळून एकच पॅकेज चालतं. २००८, २०१०, २०१२, २०१३ ची मात्र वेगवेगळी. कंट्रोल पॅनलमध्ये ही नावं ओळीने दिसतात, म्हणून जागा करायला काही जण ती काढून टाकतात. मग कालपर्यंत चालणारं सॉफ्टवेअर आज बंद. ती राहू द्यावीत.

जुन्या सॉफ्टवेअरना ‘डॉट नेट फ्रेमवर्क ३.५’ लागतं. विंडोज १० मध्ये ते ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करता येतं, पण त्यासाठी नेट लागतं. रेंज नसलेल्या गावात हे आधीच उरकलेलं बरं.

डेटाचं दुखणं याहून वाईट. एसक्यूएल सर्व्हर वापरणाऱ्या सॉफ्टवेअरचा डेटा बहुधा सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये नसतोच, तो सर्व्हरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. फोल्डर कॉपी करून निर्धास्त राहिलेल्याची दहा वर्षांची खाती फॉरमॅटमध्ये जातात. म्हणून फॉरमॅटच्या आधी सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावा.

तालुक्याच्या गावी बसून डेअरीची, दुकानाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या पोरांचीही यात जबाबदारी आहे. स्वतःच्या कॉम्प्युटरवर सगळे घटक आधीच असतात, त्यामुळे तिथे सेटअप कधी अडत नाही. नुकत्याच टाकलेल्या कोऱ्या विंडोजवर, नेट बंद ठेवून तो चालवून पाहावा. इनो सेटअपसारखं साधन वापरून लागणारी पॅकेजेस सेटअपमध्येच घालता येतात. नवीन आवृत्ती आधीच असेल तर मायक्रोसॉफ्टचं पॅकेज १६३८ हा कोड देतं. त्याला बिघाड समजून सेटअप थांबवू नये. ३०१० आला तर काम झालेलं असतं, फक्त कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा असतो.

सॉफ्टवेअर विकत घेताना पूर्ण सेटअप, लायसन्सची की आणि लागणाऱ्या घटकांची यादी पेन ड्राइव्हवर मागून घ्यावी. ‘फोन करा, ऑनलाइन येऊन टाकून देतो’ यावर भागवू नये. दूध सकाळी येतं, फोन दहानंतर उचलला जातो.