साखरेने वाचवलेली आमरी

आज गोष्ट ऑर्किडच्या बाळांची. ऑर्किड म्हणजे आपली आमरी. तिचं बी धुळीइतकं बारीक. त्यात अंकुरासाठी शिदोरीच नसते.

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं. पण बी काही केल्या रुजेना. मग काय, जंगलातूनच ओरबाडायचं! अल्बर्ट मिलिकन या ऑर्किड-शिकाऱ्याने १८९१ साली छापलेल्या पुस्तकात कोलंबियातला हिशोब स्वतःच दिलाय: सुमारे १०,००० रोपांसाठी ४,००० झाडं तोडली.

माळ्यांना एवढंच ठाऊक होतं, की बी आईच्याच कुंडीत पेरलं तर एखादं रुजतं. का? उत्तर १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बेर्नार यांना सापडलं. पाचोळ्याखाली रुजलेल्या बियांमध्ये त्यांना बुरशी दिसली. तीच बाळाला भरवत होती!

१९२२ मध्ये अमेरिकेच्या लुईस नडसन यांनी दाखवलं, की काचेच्या बाटलीत अगार, क्षार आणि साखर दिली की बुरशीशिवायही बी रुजतं.

पण बाटलीतल्या बाळाला आयतं जेवण आणि दमट हवेची सवय असते. म्हणून बाहेर काढल्यावर मुळांचा अगार हलक्या हाताने धुवायचा, सावलीत आणि दमट हवेत ठेवायचं, उन्हाची सवय हळूहळू लावायची.

मला विचाराल, तर ऑर्किड हवंच असेल तेव्हा बाटलीत वाढलेलं घ्या. सह्याद्रीत झाडावर आमरी दिसली, तर फक्त फोटो काढा. तिथं साखर द्यायला कुणी नाही. बुरशी भेटली, तरच बी रुजणार.