निर्वासितांचे गाणे : कॅसेटपासून रॅपपर्यंत

३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव उत्तर व्हिएतनामच्या फौजांच्या हाती पडले आणि त्या शहरातला ध्वनिमुद्रिकांचा भरभराटीचा धंदा मोडला. बोलेरोच्या संथ ठेक्यावरची विरहगीते, ज्यांना पुढे ‘न्याक वांग’ म्हणजे ‘पिवळे संगीत’ म्हटले गेले, ती नव्या राजवटीने निषिद्ध ठरवली. गायक, वादक, संगीतकार आणि दुकानदार यांपैकी अनेक जण देश सोडून गेले. खान ली ही गायिका आणि फाम दुय हे संगीतकार त्यांतलेच.

त्या वर्षी सुमारे सव्वा लाख व्हिएतनामी अमेरिकेत पोहोचले. त्यांच्यासाठी उघडलेल्या छावण्यांपैकी एक कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडल्टन या लष्करी तळावर होती. तिथून बाहेर पडलेली अनेक कुटुंबे जवळच्या ऑरेंज काउंटीत स्थिरावली. पुढे होड्यांतून समुद्र ओलांडणाऱ्यांची लाट आली. १९७५ ते १९९५ या काळात सुमारे आठ लाख लोक अशा रीतीने शेजारच्या देशांच्या किनाऱ्याला लागले. त्यांतल्या अनेकांनी मलेशियातील पुलाऊ बिडोंगसारख्या छावण्यांत दिवस काढले. ऑरेंज काउंटीतील वेस्टमिन्स्टर गावच्या बोल्सा अव्हेन्यूवर व्हिएतनामी दुकाने, खानावळी आणि वृत्तपत्रांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. १९८८ मध्ये या वस्तीला ‘लिटल सायगाव’ हे अधिकृत नाव मिळाले.

याच वस्तीत गाण्याचा धंदा पुन्हा उभा राहिला. भांडवल थोडे असले तरी कॅसेटची नक्कल करणे सोपे होते आणि गिऱ्हाईक जगभर विखुरलेले होते. तो वान लाय यांची ‘थुई न्गा’ ही मूळची सायगावची कंपनी आधी फ्रान्समध्ये गेली. १९८३ मध्ये तिने ‘पॅरिस बाय नाइट’ या रंगमंचीय कार्यक्रमाची पहिली चित्रफीत काढली. नंतर निर्मिती अमेरिकेत हलली. सिडनी, पॅरिस, ह्यूस्टन अशा ठिकाणची कुटुंबे एकच व्हिडिओ कॅसेट पाहू लागली. व्हिएतनाममध्ये बंदी असूनही तिच्या चोरट्या प्रती फिरत. या गाण्यांचा विषय बहुधा सुटलेले घर हाच असे.

अमेरिकेत वाढलेल्या मुलांना मात्र सायगाव फक्त ऐकून माहीत होते. त्यांचे जग म्हणजे शाळेतली हेटाळणी, तुटकी इंग्रजी बोलणारे आईवडील आणि गल्लीतल्या तरुण टोळ्या. अशा पिढीला हिप-हॉप जवळचे वाटले. १९९७ च्या सुमारास खान न्यो आणि थाय व्हिएत जी या दोघा अमेरिकी व्हिएतनामी तरुणांनी ‘व्हिएतनामीज गँग’ हे व्हिएतनामी-इंग्रजी मिश्रित गीत काढले. व्हिएतनामी रॅपची सुरुवात सर्वसाधारणपणे तिथूनच मोजतात.

व्हिएतनामी ही स्वरभेदांची भाषा असल्याने तिच्यात रॅप करताना वेगळी अडचण येते. ‘मा’ हे अक्षर स्वराच्या चढउतारानुसार भूत, आई, पण, थडगे, घोडा किंवा भाताचे रोप असे अर्थ देते. त्यामुळे चाल बांधताना शब्दाचा स्वर सुरात बुडून अर्थ बिघडू नये, याची संगीतकाराला काळजी घ्यावी लागते. रॅप बोलण्याच्या जवळचा असल्याने स्वर टिकवणे त्यात सोपे जाते. मात्र यमक जुळवताना नुसते अक्षर जुळून भागत नाही, कारण स्वर वेगळा असेल तर कानाला जोडी अपुरी वाटते.

या सुरुवातीनंतर प्रवाह उलट दिशेने वाहू लागला. परदेशात ध्वनिमुद्रित झालेली गाणी इंटरनेटवरून व्हिएतनाममधल्या तरुणांपर्यंत पोहोचली आणि तिथे रॅपचा स्वतंत्र वर्ग तयार झाला. २०१० मध्ये हो ची मिन्ह सिटीच्या, म्हणजे पूर्वीच्या सायगावच्या, सुबोई या रॅपर तरुणीचा पहिला अल्बम आला. २०१६ च्या दौऱ्यात बराक ओबामा यांनी त्याच शहरातील तरुणांच्या सभेत तिला रॅप करायला सांगितले. २०२० मध्ये ‘रॅप व्हिएत’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा सुरू झाली. त्याच इंटरनेटमुळे लिटल सायगावमधला कॅसेट आणि डिस्कचा व्यापार ओसरला. तोवर फाम दुय २००५ मध्ये मायदेशी परतले होते आणि कधी काळी निषिद्ध असलेली बोलेरो गीते तिथे उघडपणे गायली जात होती.